तारांचें गोत्र

गेल्या वैशाखांत आमच्या डोणगांवीं एक वरात आमच्या घरावरून गेली. पुढें ताशे, त्यांच्यामागें दिव्यांच्या रांगा आणि सर्वांच्या शेवटीं एका गाडीवर ध्वनिक्षेपकाला जोडलेला बेंजो. मेहकर तालुक्यांतील आमच्या या गांवांत लग्नसराईमध्यें ही गोष्ट नवी नाहीं. पूर्वीं असा आवाज लांबून ऐकूं आला, कीं मी उठून रस्त्याकडची खिडकी लावून घेत असें व पुन्हां येऊन पोथी उघडीत असें. यंदा ती खिडकी उघडीच राहिली. ती कां उघडी राहिली, हें सांगण्यासाठीं प्रस्तुत लेख लिहावयास घेतला आहे. त्यांत थोडी वाद्यविद्या आहे, थोडा देशोदेशींचा फेरफटका आहे, आणि बराचसा एका थोरल्या भावाचा कबुलीजबाब आहे. वाचकांच्या घरींहि थोरले भाऊ असतीलच. त्यांनीं तो शेवटपर्यंत वाचावा, अशी विनंति आहे.

आमचे वडील स्वभावानें हौशी होते. १९७३ सालीं कांहीं कामानिमित्त ते खामगांवास गेले असतां परत येतांना तेथून एक बुलबुलतरंग घेऊन आले. ज्यांनीं हें वाद्य पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. हात-सवाहात लांबीची व वीतभराहून कमी रुंदीची एक लांकडी पेटी. तिच्यावर लांबीच्या दिशेनें ताणलेल्या पोलादी तारा. आणि त्या तारांवर टंकलेखनयंत्राला असतात तशा वाटोळ्या कळांची ओळ. उजव्या हातांतील नखीनें तारा छेडावयाच्या व डाव्या हाताच्या बोटांनीं कळा दाबावयाच्या. कळ दाबली म्हणजे तिच्या खालची पट्टी तारेवर टेंकते, तारेची कंप पावणारी लांबी कमी होते आणि स्वर चढतो. कांहीं तारांना कळ लागतच नाहीं. त्या नुसती षड्जाची सोबत करीत राहतात. आमच्या वाद्याच्या कळांवर स्वरांचीं अक्षरें लिहिलेलीं होतीं. त्यामुळें ज्याला अक्षरओळख आहे त्याला चार दिवसांत एखादी आरती वाजवितां यावी. हाच या वाद्याचा गुण, आणि जाणत्यांच्या मतें हाच त्याचा दोष.

माझी धाकटी बहीण त्या वेळीं नऊ वर्षांची होती. वडिलांनीं तें वाद्य आणलें घरासाठीं, पण महिन्याभरांतच तें तिचें झालें. गणपतीच्या दहा दिवसांत आरत्या तिनेंच वाजवावयाच्या, असा घराचा शिरस्ता पडला. नागपूर आकाशवाणीवर सकाळीं ऐकलेलें भजन ती दुपारीं भांडीं घासून झालीं कीं पेटीवर शोधीत बसे. कळांवरचीं अक्षरें दोन-तीन वर्षांत बोटांनीं पुसून गेलीं. तिला त्यांची जरुरीहि उरली नव्हती.

१९८० सालीं वडील वारले. मी नुकताच शाळेंत शिक्षक म्हणून लागलों होतों. वय बावीस वर्षांचें. पण घरांत आतां मीच थोरला, म्हणून मनानें एकदम बेचाळीस वर्षांचा झालों. एके दिवशीं संध्याकाळीं दुसऱ्या दिवशींच्या संस्कृतच्या तासाची तयारी करीत बसलों होतों. माजघरांतून एकच ओळ पुन्हां पुन्हां येत होती आणि एका जागीं येऊन अडत होती. उठून पाहिलें. बहीण एका हातानें तार छेडीत होती, आणि दुसऱ्या हाताचें बोट कळेवर न ठेवतां कळांच्या पलीकडच्या मोकळ्या तारेवर दाबीत होती. त्यामुळें स्वर जागचा हलून किंचित् वर ओढला जाई. मला तें बेसूर वाटलें. वाद्य नासेल असेंहि वाटलें. मी म्हणालों, "हें वाद्य नव्हे, खेळणें आहे. शिकावयाचेंच असेल तर वीणा शीक. आपल्याकडे शास्त्र आहे, परंपरा आहे."

डोणगांवांत वीणा शिकविणारा कोणी नाहीं, हें मला पक्कें ठाऊक होतें. म्हणजे माझ्या वाक्याचा अर्थ 'शिकूं नकोस' एवढाच होता. तो तिला कळला. "बरं, दादा," एवढेंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीं तो बुलबुलतरंग आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून माळ्यावर गेला. १९८५ सालीं तिचें लग्न होऊन ती अकोला जिल्ह्यांत सासरीं गेली. जातांना तिनें तो मागितला नाहीं, आणि मीं दिला नाहीं. पुढें १९९१ सालीं घराचें छप्पर दुरुस्त करतांना माळा रिकामा केला, तेव्हां जुन्या पत्र्यांबरोबर व फुटक्या घंगाळाबरोबर तोहि मोडवाल्याच्या तराजूंत पडला. तिला विचारावें, हें मला सुचलेंसुद्धां नाहीं.

त्यानंतर तीस-पस्तीस वर्षें या गोष्टीची आठवण करण्याचें कारण पडलें नाहीं. गेल्या दिवाळींत मात्र पडलें. पुण्यास गाणें शिकणारी माझी नात सुटींत घरीं आली, ती बरोबर एक स्वरमंडळ घेऊन आली. तें तिच्या वडिलांनीं मिरजेहून आणविलें होतें. मिरज हें आपल्या महाराष्ट्रांतील तंतुवाद्यांचें माहेर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शिकलगारांनीं, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या कारागिरांनीं, सतार-तंबोऱ्याच्या कामांत हात घातला. त्यांत फरीदसाहेब सतारमेकर यांचें नांव आधीं घेतात. शस्त्रांचे दिवस संपत आले होते, पण हातांतील कसब संपलें नव्हतें. तें तारांच्या कामीं आलें. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें, तें या पिढीजात कामाचेंच फळ होय.

स्वरमंडळ म्हणजे एका बाजूनें तिरकी कापलेली एक चपटी पोकळ पेटी. तिच्यावर लांबीच्या उतरत्या क्रमानें तारा ताणलेल्या असतात. लांब तार खर्जाची, आंखूड तार तारसप्तकाची. प्रत्येक तारेला एक लोखंडी खुंटी, आणि ती फिरविण्यासाठीं एक चावी. येथें पडदे नाहींत, कळा नाहींत, डाव्या हाताला कामच नाहीं. जो राग गावयाचा त्याचे स्वर आधींच तारांत मिळवून ठेवावयाचे, आणि गातां गातां बोटें त्यांवरून फिरवावयाचीं. बडे गुलाम अली खां (१९०२–१९६८) तें मांडीवर घेऊन गात. किशोरी आमोणकर (१९३२–२०१७) यांच्या हातांत तें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना गायन आणि तो झंकार हीं वेगळीं आठवतांच येणार नाहींत. पंडित जसराज (१९३०–२०२०) यांनींहि तें जन्मभर जवळ ठेविलें.

आमच्या नातीच्या स्वरमंडळाच्या तारा मोजल्या, तों छत्तीस भरल्या. पण मोटारीच्या प्रवासांत त्या साऱ्या उतरल्या होत्या. पोरीनें भ्रमणध्वनीवर स्वर दाखविणारी एक युक्ति काढली, आणि एकेक तार त्या कांट्याला जुळवूं लागली. विसाव्या तारेपर्यंत जावें, तों पहिल्या पांच पुन्हां उतरलेल्या. तार नवी असली कीं ती ओढ घेते, आणि एक चढविली कीं पेटीवरचा ताण बदलून शेजारणी हलतात, हें कांट्याला कळत नाहीं. भाऊबीजेला बहीण आली होती. ती बराच वेळ दारांत उभी राहून पाहत होती. मग पदर खोंचून खालीं बसली, आणि नातीला म्हणाली, "तें यंत्र बंद कर, बाळ. तूं नुसता 'सा' लावून धर."

अर्ध्या-पाऊण तासांत छत्तीस तारा मिळाल्या. आधीं सगळे षड्ज, मग पंचम, मग उरलेले स्वर. आणि सारें झाल्यावर पुन्हां आरंभापासून एक फेरा. बासष्टींत पोंचलेल्या, जन्मभर संसाराच्या चुलीपुढें बसलेल्या बाईचा तो कान पाहून माझी नात थक्क झाली. "आत्याआजी, तुम्हीं हें शिकलांत कुठें?" असें तिनें विचारलें. बहीण हंसली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, माझा बुलबुलतरंग माळ्यावर असेल ना रे? पोरीला दाखवूं या."

मला खोटें बोलतां आलें असतें. उंदरांनीं खाल्ला म्हणून सांगितलें असतें, तर तें कोणालाहि पटलें असतें. पण त्या दिवशीं तें धैर्य झालें नाहीं. जें घडलें तें सांगितलें. ती क्षणभर गप्प राहिली व म्हणाली, "असूं दे. तारा गंजल्याच असत्या आतांपर्यंत." मग तिनें मला ओवाळलें. ताटांत काय घालावें, हें त्या दिवशीं मला कळेना.

त्यानंतरचे पांच-सहा महिने मीं या वाद्यांचा शोध घेण्यांत घालविले. आधीं आपल्याच बोलण्याला कांहीं आधार सांपडतो का, हें पाहण्याची सुप्त इच्छा त्यांत होती, हें कबूल केलें पाहिजे. 'हें वाद्य नव्हे, खेळणें' या माझ्या निवाड्याला शास्त्राचा पाठिंबा मिळाला असता, तर मनाला थोडें बरें वाटलें असतें. घडलें तें उलटेंच.

आपल्याकडे भरतमुनीपासून वाद्यांचे चार वर्ग मानतात: तत, अवनद्ध, घन आणि सुषिर. तारांचीं सारीं वाद्यें तत वर्गांत पडतात. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या पदरीं, सिंघण राजाच्या कारकीर्दींत, शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' लिहिला. हा ग्रंथकार आपल्या मराठी मुलखांत बसून लिहीत होता, पण त्याचें घराणें मूळचें काश्मीरचें. आमच्या मेहकरास शार्ङ्गधर बालाजीची १८८८ सालीं सांपडलेली भव्य मूर्ति आहे. तिच्या दर्शनास जातांना नामसादृश्यामुळें हा ग्रंथकार मला नेहमीं आठवतो. त्यानें 'मत्तकोकिला' नांवाच्या २१ तारांच्या वीणेचें वर्णन केलें आहे. तीन सप्तकें, प्रत्येकाचे सात स्वर, आणि प्रत्येक स्वराला स्वतंत्र तार. म्हणून तारा एकवीस. कोठेंहि बोटानें तार दाबावयाची नाहीं. पुढें पंधराव्या शतकांत या ग्रंथावर टीका लिहिणाऱ्या कल्लिनाथानें स्पष्ट म्हटलें आहे, कीं मत्तकोकिला म्हणजेच लोकांत जिला स्वरमंडळ म्हणतात ती. अकबराच्या दरबारचा वृत्तांत देणाऱ्या 'आईन-इ-अकबरी'मध्येंहि स्वरमंडळाच्या तारा २१ च सांगितल्या आहेत, आणि दरबारच्या गुणीजनांत ग्वाल्हेरच्या बीरमंडलखां नांवाच्या स्वरमंडळवादकाची नोंद आहे. म्हणजे नातीच्या मांडीवरचें तें वाद्य निदान सात-आठशें वर्षें आपल्या घरचें होतें. याहून मागें जावें तर महाव्रत नांवाच्या यज्ञविधींत वाजविल्या जाणाऱ्या 'वाण' या शंभर तारांच्या वाद्याचा उल्लेख वैदिक वाङ्मयांत आहे. त्याच्या तारा मुंजगवताच्या असत. मुंजींत बटूच्या कमरेला जें गवत बांधतों, त्याच्याच तारा.

हें सारें वाचून मी सुखावलों होतों, कारण स्वरमंडळाचें कुल मोठें निघालें होतें. बुलबुलतरंग अद्याप बाहेरच होता. परंतु पुढें पाश्चात्य पंडितांनीं केलेलें वर्गीकरण हातीं आलें. हॉर्नबोस्टेल आणि साक्स या दोघांनीं १९१४ सालीं जगांतल्या वाद्यांची एक नवी मांडणी केली. वाद्य कोणत्या देशाचें, राजदरबारांतलें कीं रस्त्यावरचें, हें त्यांनीं पाहिलेंच नाहीं. तें घडलें कसें, एवढेंच पाहिलें. ज्या वाद्याला सतारीसारखी पेटीपासून निघालेली मान नाहीं, ज्याच्या तारा दांडीवर, फळीवर किंवा पेटीवरच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेल्या आहेत, त्याला त्यांनीं 'झिथर' वर्गांत घातलें. या वर्गांत स्वरमंडळ आलें, काश्मीरचें संतूर आलें, आणि बुलबुलतरंगहि आला. इतकेंच नव्हे, तर आपल्याकडील रुद्रवीणाहि त्यांतच आली. कारण तीहि मुळांत एक दांडीच, आणि भोपळे तिला खालून जोडलेले. ज्या वीणेचें नांव घेऊन मीं बहिणीच्या हातचें वाद्य काढून घेतलें, ती वीणा आणि तें वाद्य सगोत्र निघालें. हें वाचलें त्या रात्रीं मला नीट झोंप आली नाहीं.

गोत्राचा विस्तार केवढा आहे, हें घरांतील मुलांना समजावें म्हणून येथें थोडक्यांत देतों. या कुटुंबांत दोन शाखा आहेत: बोटांनीं अगर नखीनें छेडावयाचीं वाद्यें, आणि कांड्यांनीं आघात करून वाजवावयाचीं वाद्यें. पहिल्या शाखेंत अरबांचा व तुर्कांचा 'कानून' येतो. त्याच्या बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा असतात, आणि वादक दोन्ही हातांच्या तर्जनींत अंगठ्या घालून त्यांत नख्या खोंवून वाजवितो. आपण 'कायदे-कानू' म्हणतों त्यांतला 'कानू' आणि हा कानून हे एकाच ग्रीक शब्दापासून निघाले आहेत; स्वरांचा नियम, असाच त्याचा भाव. फिनलंड देशांत 'कांतेले' नांवाचें पांच तारांचें लहानसें वाद्य आहे. १८३५ सालीं प्रथम छापल्या गेलेल्या 'कालेवाला' या त्यांच्या महाकाव्यांतील नायक एका प्रचंड माशाच्या जबड्याचें पहिलें कांतेले करतो, अशी कथा आहे. आपल्या नारदाप्रमाणें त्यांचाहि एक वाद्यधारी ज्ञानी पुरुष आहे, हें वाचून मौज वाटली. आल्प्स पर्वताच्या आसपास तर याच वाद्याला 'झिथर' म्हणतात. व्हिएन्ना शहरांतल्या मद्यगृहांत तें वाजवून पोट भरणाऱ्या आंतोन कारास या वादकाला एका दिग्दर्शकानें हेरलें, आणि १९४९ च्या 'द थर्ड मॅन' या चित्रपटासाठीं एकट्या त्याचेंच वादन घेतलें. तें जगभर गाजलें.

दुसऱ्या शाखेंत इराणचें संतूर येतें. त्याला १८ घोड्या व प्रत्येक घोडीवर चार तारा, म्हणजे ७२ तारा. काश्मीरच्या संतुराला २५ घोड्या व १०० तारा. हंगेरींत याच जातीच्या 'सिंबालोम' वाद्याला बुडापेस्टच्या शुंडा नांवाच्या कारागिरानें १८७४ च्या सुमारास पाय व पायपट्टी बसवून त्याला सभागृहांत आणलें. चीनमध्यें हेंच 'यांगचिन्' झालें. आणि ज्या पियानोला सारें जग मान देतें, तो तरी काय आहे? सन १७०० च्या सुमारास इटलींतील क्रिस्तोफोरी या कारागिरानें पेटींत ताणलेल्या तारांवर कळ दाबून लांकडी हातोडी आपटण्याची योजना केली, त्यांतून तो निघाला. कांड्या हातांत धरावयाच्या ऐवजीं कळांच्या टोंकाला बसविल्या, एवढेंच.

पूर्वेकडे पाहिलें तर चीनचें 'गुझेंग', जपानचें 'कोतो' आणि कोरियाचें 'गायागुम' हीं तिघें भावंडें दिसतात. लांब फळीवर तारा, आणि प्रत्येक तारेखालीं सरकती घोडी. कोतोला तारा १३, गायागुमाला १२, आणि हल्लींच्या गुझेंगला मत्तकोकिलेइतक्याच, २१. यांतली एक गोष्ट मात्र माझ्या जिव्हारीं लागली. या वाद्यांत उजव्या हातानें तार छेडतात, आणि घोडीच्या पलीकडे जो तारेचा मोकळा भाग राहतो, त्यावर डाव्या हाताचें बोट दाबून स्वर वर ओढतात. ती तेथील शतकानुशतकांची विद्या आहे. तिला आपण मींड म्हणूं. सोळा वर्षांच्या माझ्या बहिणीनें आमच्या माजघरांत बसून तीच क्रिया आपल्या आपण शोधून काढली होती. मीं तिला वाद्याची नासाडी म्हटलें.

आणि बुलबुलतरंगाचें मूळ याच शाखेंत आहे. १९१२ सालीं जपानच्या नागोया शहरांत मोरिता गोरो नांवाच्या गृहस्थानें दोन तारांच्या कोतोला टंकलेखनयंत्रासारख्या कळा जोडल्या. त्याच वर्षीं तेथें तैशो नांवाचा राजकाल सुरू झाला होता, म्हणून वाद्याला 'तैशोगोतो' असें नांव पडलें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तें समुद्रमार्गानें हिंदुस्थानांत आलें, आणि येथील सुतारांनीं त्याला आपलें करून घेतलें. बलुचिस्तानांत त्याचा 'बेंजू' झाला, आणि तेथील लोकसंगीतांत त्याला मानाचें स्थान मिळालें. मुंबईच्या चाळींतून व कोंकणांत त्याचा 'बेंजो' झाला. त्याला वीज जोडली गेली. गणपतीच्या व लग्नाच्या मिरवणुकींत त्याचीं पथकें निघूं लागलीं. अमेरिकेच्या बॅंजोशीं त्याचा नांवापलीकडे संबंध नाहीं. २०१६ सालीं रवी जाधव यांनीं या पथकांतील मुलांवर 'बॅंजो' नांवाचा चित्रपटहि काढला. वरातीच्या गाडीवरून आमच्या खिडकींत येणारा आवाज तो हाच. खिडकी मी कोणावर लावून घेत होतों, हें मला इतक्या वर्षांनीं कळलें.

कोणी म्हणेल, कुळ सांपडलें म्हणून गुण थोडाच येतो? सुलभ वाद्य तें सुलभच. त्यांत मींड नाहीं, गमक नाहीं, गाण्याची खोली नाहीं. हा आक्षेप मीहि घेतला असता. परंतु हाच आक्षेप एके काळीं संतुरावरहि घेतला जात असे. काश्मीरांत सूफियाना गायकीच्या साथीला वाजणारें तें वाद्य जम्मूच्या शिवकुमार शर्मा (१९३८–२०२२) यांनीं १९५५ सालीं मुंबईच्या मैफलींत आणलें, तेव्हां तुटक तुटक टोले पडणाऱ्या या वाद्यावर राग कसा उभा राहणार, असें जाणते म्हणाले. शर्मांनीं तें सोडलें नाहीं. त्याची घडण व तारा मिळविण्याची रीत बदलली, तें तिवईवरून उचलून मांडीवर घेतलें, आणि त्याला रागसंगीतांत बसविलें. त्याच वर्षींच्या व्ही. शांताराम यांच्या 'झनक झनक पायल बाजे' या चित्रपटांत, वसंत देसाई यांच्या संगीतांत, त्यांचें संतूर ऐकूं येतें. पुढें आपल्या मुंबईच्या उल्हास बापट (१९५०–२०१८) यांनीं तारा मिळविण्याची निराळी पद्धति बसविली, आणि ज्या वाद्यावर मींड अशक्य म्हणत, त्यावर मींड काढून दाखविली. माझी बहीण बापट झाली असती, असें मी म्हणत नाहीं. थोरामोठ्यांशीं घरच्यांची तुलना करूं नये. परंतु ज्या जागीं तिचें बोट अडलें होतें, ती जागा मोठमोठ्यांच्याहि विचारांची होती. आणि ती मला दिसली नाहीं, याचें कारण मीं वाद्याचें नांव पाहिलें, बोट पाहिलेंच नाहीं.

फाल्गुनांत पुण्यास गेलों असतां नातीबरोबर राजा केळकर संग्रहालयांत गेलों. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) या एका माणसानें गांवोगांव हिंडून अडगळींत पडलेल्या वस्तु जमविल्या, आणि १९७५ सालीं तो सारा संग्रह सरकारला देऊन टाकला. तेथें वाद्यांचें स्वतंत्र दालन आहे. त्या कपाटांपुढें उभा असतां मनांत सारखें येत होतें, कीं यांतलें प्रत्येक वाद्य कोणाच्या तरी माळ्यावरून उतरलें असेल. कांहीं केळकरांच्या हातीं पडलीं आणि कांहीं तराजूंत पडलीं, एवढाच काय तो दैवाचा फेर.

परत येण्यापूर्वीं पेठेंतील एका दुकानांतून मीं एक बुलबुलतरंग विकत घेतला. अक्षय्य तृतीयेला बहीण माहेरीं आली, तेव्हां पितरांच्या घटांचें पूजन झाल्यावर तो तिच्यापुढें ठेवला. काय बोलावें, याची मनांत पुष्कळ तयारी केली होती; संस्कृतांतलीं दोन सुभाषितेंहि योजून ठेविलीं होतीं. प्रत्यक्षांत "त्या वेळीं माझं चुकलं" एवढेंच तोंडून निघालें. तिनें पेटी उघडली, कळांवरून हात फिरविला आणि म्हणाली, "दादा, तूं त्या वेळीं बावीस वर्षांचा होतास. मी तुझ्यावर रागावलें होतें, नाहीं असं नाहीं. पण तुझ्या डोक्यावर सगळं घर होतं, हेंहि मला दिसत होतं." मग थोड्या वेळानें, "बोटं आतां वळत नाहींत रे. पण ठेवतें."

त्यानंतर दुसऱ्याच दिवशीं ती वरात आली. बहीण खिडकींत बसली होती. बेंजो जवळ आला, तशी मी संवयीनें उठूं लागलों, तों तिच्या उजव्या हाताकडे लक्ष गेलें. खिडकीच्या चौकटीवर तिचीं बोटें चालत होतीं. वाजविणारा पुढें कोणत्या स्वरावर जाणार, तें त्यांना आधींच कळत होतें. मी जागच्या जागीं बसलों. वरात पुढें गेल्यावर ती म्हणाली, "मुलगा तयारीचा आहे. पण त्याचा पंचम उतरला आहे." त्या रात्रीं तिनें नव्या बुलबुलतरंगावर गणपतीची आरती वाजविली. तींत चार-पांच ठिकाणीं बोट चुकलें. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनें दाखवीत आलेला मी, एका शब्दानें बोललों नाहीं. नात स्वरमंडळ घेऊन शेजारीं बसली होती.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं माळ्यावर अगर अडगळीच्या खोलींत असें एखादें वाद्य असेल. त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहून पुरें करतों. तें उतरवून कोरड्या मऊ फडक्यानें पुसावें. ओल्या फडक्यानें पुसूं नये. जुन्या तारा एकदम चढवूं नयेत. तार तुटून डोळ्याला इजा होते आणि पेटीहि उकलते. आधीं सर्व तारा सैल कराव्या, गंजलेल्या काढून त्याच जाडीच्या नव्या घालाव्या, आणि दोन-तीन दिवसांत थोड्या थोड्या चढवाव्या. वाद्य भिंतीच्या ओलीपासून व उन्हापासून दूर ठेवावें. आणि तें विकावयाचें, द्यावयाचें किंवा टाकावयाचें मनांत आलें, तर तें कोणाचें होतें हें आधीं आठवून त्या माणसाला, तें सासरीं असो कीं परगांवीं असो, एक पत्र टाकून विचारावें. उत्तर येईपर्यंत माळ्यावर तेवढी जागा असते.